ती चार पिल्लं त्या शेडमध्ये घेऊ नका

ताई, तुमच्या पोस्टखाली बाकीच्यांनी काय काय सुचवलंय ते सावकाश वाचा. आधी एवढंच करा, सोसायटीवाले उद्या आणून देणार आहेत ती कुत्र्याची चार पिल्लं तुमच्या त्या शेडमध्ये घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की शेडमधल्या सहा पिल्लांतली दोन आठवड्याभरात गेली, उलट्या, रक्ताची हगवण, आणि पुढे, ‘शेड रोज दोनदा फिनेलने धुतेय, अगदी स्वच्छ आहे.’ हे वाचलं आणि तो वास माझ्या नाकात आला. सात वर्षांपूर्वी डॉक्टरांना फोनवर मी हेच ऐकवलं होतं, तेही जरा तोऱ्यात.

(मी डॉक्टर नाही. बारा वर्षं कुत्री सांभाळतेय, सध्या 29 आहेत, एवढीच पात्रता. औषधांचे डोस विचारू नका, सांगणार नाही. जंताचं औषध, सलाईन वगैरे तुम्हाला माहीत असणारच.)

तेव्हा आमच्या मागच्या पडवीत पाच पिल्लं होती, त्यातली चार गेली. पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांच्या पिल्लांना मारणारा विषाणूचा आजार. मी रडून-बिडून कामाला लागले. तीन आठवडे फिनेल. शेणाने सारवलेली जमीन खरवडून पुन्हा सारवली, गोणपाट धुऊन उन्हात घातले. आता काय राहिलं असणार, असं म्हणून बाविसाव्या दिवशी सात नवीन पिल्लं त्याच पडवीत ठेवली. पाचव्या दिवशी सकाळी दूधभाकरीची परात तशीच. एक पिल्लू पाण्याच्या भांड्याच्या काठावर हनुवटी टेकवून बसलेलं, तोंडातून लाळेची तार, आणि पाणी पीत नाही. त्या आठवड्यात सातातली सहा गेली. पहिल्या चारांना मी काय करणार होते? पण ही सहा माझ्यामुळे गेली, आणि हे मी कुणाकडून समजूत घालून घ्यायला लिहीत नाहीये.

फिनेल वास मारतं. पार्व्होच्या विषाणूला त्याचं काही वाटत नाही. तो जमिनीत, फटींत, पोत्यात महिनोन्‌महिने टिकतो. लागतं ते ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. नेहमीचं घरगुती ब्लीच असेल तर एक भाग ब्लीचला 30 भाग पाणी, दर वेळी ताजं कालवायचं. आधी साबणाने घासून घाण पूर्ण काढायची, कारण घाणीवर ओतलेलं ब्लीच फुकट जातं. मग दहा मिनिटं फरशी ओली राहू द्यायची. कोरडी फडकी मारून ‘झालं’ म्हणायचं नाही. फिनेलमध्ये किंवा संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये मिसळायचं तर अजिबात नाही. ॲसिडबरोबर विषारी वायू होतो, आणि बंद शेडमध्ये तुम्हीच आडव्या व्हाल. मातीची जमीन मात्र कशानेच खात्रीने साफ होत नाही. मी शेवटी शहाबादी घातली, सांधे सिमेंटने बुजवले आणि गोणपाट जाळले. तुमच्या शेडची जमीन कसली आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. माती असेल तर यंदा तिथे पिल्लं नकोतच. लस झालेली मोठी कुत्री चालतील.

आणि ‘लसीचा पहिला डोस झालाय’ यावर विसंबू नका. आईकडून मिळालेली ताकद अंगात असते तोवर ती लसच निकामी करते. म्हणून सहा आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत डोस द्यावे लागतात. लस आणतानाही बर्फाच्या डब्यातून आणा. खिशातून आणलेली लस नुसती टोचल्याचं समाधान देते.

आता मेलेली जनावरं उचलायची गाडी ज्यांच्याकडे असते त्या कार्यालयाबद्दल. नाव घेत नाही, अजून त्यांच्याकडे कामं पडतात. पहिली तीन पिल्लं एका रात्रीत गेली तेव्हा मेलेली जनावरं उचलणाऱ्या गाडीसाठी फोन केला. उत्तर : ‘तुमचा गट नंबर आमच्या हद्दीत येत नाही.’ ज्यांच्या हद्दीत येतो ते म्हणाले, ‘गाडी त्यांच्याकडे आहे, त्यांचं पत्र आणा.’ जून महिना. तीन पिल्लं पोत्यात, आणि मी पत्राच्या मागे दोन दिवस. शेवटी शेवग्याखाली स्वतःच खणलं. दीड फुटावर मुरूम लागला, तिथेच थांबले. रात्री मोठ्या कुत्र्यांनी ते उकरून अंगणभर केलं. तेव्हा कुणाची वाट बघू नका. माणूस लावा, तीन-चार फूट खोल खड्डा घ्या, चुना टाका, वर दगड ठेवा. विहीर जवळ असेल तिथे नको.

सोसायटीवाल्यांना सांगा, पिल्लं आहेत तिथेच, आईजवळ राहू देत. आई आहे ना तिथे? मग प्रश्नच मिटला. डॉक्टरांना तिथे नेऊन लस सुरू करा, आईची नसबंदी पिल्लांचं दूध सुटल्यावर. माझं मत कडवट आहे, पण ‘शेल्टर’ शब्द ऐकला की लोकांना घंटागाडी दिसते. ऑगस्ट 2025 मध्ये भटकी कुत्री शेल्टरमध्ये हलवायच्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशाच्या बातम्या आल्या तेव्हा आमच्या फाटकाशी खोक्यांची रांग लागली होती, ‘कोर्टानेच सांगितलंय’ म्हणून. 11 तारखेचा आदेश दिल्ली परिसरापुरता होता, आणि 22 तारखेला त्यात बदल झाला : नसबंदी, लस करून कुत्री जिथली तिथे सोडायची, पिसाळलेली आणि आक्रमक वगळून. नोव्हेंबरात शाळा, दवाखाने, बसस्थानकांच्या आवारांबद्दल वेगळा आदेश आला. सोसायटीचं अंगण त्यात बसत नाही. पुढचे आदेश स्वतः वाचा, माझ्या शब्दावर भांडायला जाऊ नका.

आईच नसेल तर ज्या घरात कधी कुत्रं नव्हतं अशा कुणाची न्हाणी मागा, चौदा दिवसांसाठी. तिथे तुम्ही जायचं नाही. शेडमधल्या चपला, खराटा, ओढणीचं टोक, कशावरूनही जातं ते. मी दोन्हीकडे एकच चप्पल घालून फिरायचे.

त्या सातांतली उरलेली चिंगी आता गाडीच्या सीटवर झोपते, उठवलं तर गुरगुरते. ती का वाचली, डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

तुमची चार अजून आहेत ना? टॉर्च घेऊन आत्ता जा आणि बघा, कुणी पाण्याच्या भांड्यावर हनुवटी टेकून बसलंय का. असेल तर सकाळची वाट बघू नका, डॉक्टरांना रात्रीच उठवा. आणि परत येताना चपला बाहेर.