पासवर्ड कोडमध्ये नको, तर ठेवायचा कुठे?

प्रश्न : आम्ही चौघे मिळून एका पतसंस्थेचे सॉफ्टवेअर सांभाळतो. डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड असलेली सेटिंगची फाइल कोडसोबत गिटमध्येच (कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत) आहे. कोणीतरी आपल्या लॅपटॉपवरचा पत्ता चुकून कमिट करतो, म्हणजे गिटमध्ये नोंदवतो, आणि सर्व्हरवर पुल केले (ते बदल उतरवून घेतले) की तिथले काम बंद पडते. ही फाइल गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) लिहूनही फरक पडला नाही. काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : गिटइग्नोरचा नियम गिटने अद्याप नोंद न घेतलेल्या फाइलींनाच लागू होतो. तुमच्या फाइलीची नोंद आधीच झालेली असल्यामुळे तो तिच्यावर चालत नाही. 'गिट आरएम' ही आज्ञा 'कॅश्ड' या पर्यायासह दिली, की फाइल तुमच्या संगणकावर राहते आणि नोंद तेवढी निघते. मात्र येथे एक खाच आहे, आणि अनेकांचा सर्व्हर नेमका तिथेच झोपतो : तो कमिट दुसऱ्या ठिकाणी पुल केला, की तिथली फाइल गिट काढून टाकते. म्हणून सर्व्हरवरील फाइलीची प्रत आधी बाजूला ठेवावी आणि पुल झाल्यावर ती परत जागेवर आणावी.

पासवर्डाचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही. फाइल आज काढली तरी जुन्या प्रत्येक कमिटमध्ये तो तसाच वाचता येतो. इतिहास पुसण्याची साधने आहेत. पण कोणाच्या संगणकावर जुनी प्रत उरली आहे हे आपल्याला सांगता येत नसल्यामुळे, पासवर्ड फुटला असे गृहीत धरून तो आधी बदलावा, हेच माझ्या मते शहाणपणाचे. रिपॉझिटरी (गिटमधला कोडचा साठा) खासगी आहे या भरवशावरही राहू नये. 2016 साली उबरच्या खासगी रिपॉझिटरीत शिरलेल्या चोरांना तिथे ॲमेझॉनच्या क्लाउडची किल्ली सापडली आणि सुमारे 5 कोटी 70 लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली.

आता वेगळे काय काढायचे? सेटिंग म्हणून दिसणारी प्रत्येक गोष्ट बाहेर काढण्याचा उत्साह मी पाहिला आहे, आणि तोही त्रासदायकच ठरतो. व्याज मोजण्याची पद्धत किंवा अहवालाचा साचा सर्व यंत्रांवर सारखाच असतो. तो कोडसोबतच राहावा, म्हणजे कोणता बदल केव्हा झाला हे इतिहासात दिसते. यंत्रागणिक बदलणारे पत्ते आणि गुपिते तेवढी बाहेर न्यावीत. हेरोकू या क्लाउड कंपनीच्या अभियंत्यांनी मांडलेल्या 'ट्वेल्व्ह-फॅक्टर' पद्धतीत यासाठी एक सोपी कसोटी आहे : एकही गुपित न फुटता सगळा कोड या क्षणी जगासमोर खुला करता येईल का?

बाहेर काढलेल्या गोष्टी एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रामला कोडबाहेरून, त्या यंत्राकडून मिळणाऱ्या नोंदींत) किंवा गिटबाहेरच्या फाइलीत ठेवा, आणि त्याच नावांची पण खोट्या किमतींची एक नमुना फाइल कोडसोबत कमिट करा. नवे सेटिंग आणणाऱ्याने त्याच कमिटमध्ये नमुन्यातही त्याची ओळ घालावी, म्हणजे खऱ्या फाइलीत काय वाढवायचे ते इतरांना कळेल; नाहीतर पुढच्या पुलनंतर सर्व्हर पुन्हा अडेल. खऱ्या फाइलीचा बॅकअप आता गिट ठेवणार नाही, तेव्हा तो कोणी ठेवायचा हे चौघांनी आजच ठरवून टाका.