पशुवैद्यकाला विचारा : सॅव्हाना मांजर घरी आणावे का?

प्रश्न : आम्ही बेळगावात टिळकवाडीत राहतो. माझ्या बारा वर्षांच्या मुलाने मोबाईलवर सॅव्हाना मांजराचे चित्रीकरण पाहिले आणि तेव्हापासून त्याला तेच हवे आहे. बेंगळुरूचा एक विक्रेता ‘एफ२’ पिल्लू द्यायला तयार आहे, मात्र कागदपत्रे नंतर पाठवीन असे तो म्हणतो. घरात माझी वृद्ध आई आणि भावाची दोन वर्षांची मुलगी आहे. आम्ही शाकाहारी आहोत. हे मांजर आमच्या घरात रुळेल का?
— एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : आपण पैसे देण्यापूर्वी विचारले, याचा मला मनापासून आनंद वाटतो, कारण असे प्रश्न बहुधा पिल्लू घरात आल्यानंतर विचारले जातात. माझे मत आधीच सांगतो : हे पिल्लू आपण घेऊ नये.

सॅव्हाना ही आफ्रिकेतील सर्व्हल या रानमांजराचा घरगुती मांजराशी संकर करून तयार केलेली जात असून तिचे पहिले पिल्लू १९८६ साली अमेरिकेत जन्मले. सर्व्हल हा लांब पायांचा, ९ ते १८ किलो वजनाचा शिकारी प्राणी आहे. एफ१ म्हणजे ज्याच्या आई-बापांपैकी एक प्रत्यक्ष सर्व्हल आहे ते पिल्लू, आणि एफ२ म्हणजे ज्याच्या आजी-आजोबांत सर्व्हल आहे ते. विक्रेते हा आकडा उत्तम प्रतीची खूण असल्यासारखा सांगतात आणि आकडा जितका लहान तितकी किंमत वाढवतात. वास्तविक तो आकडा रान किती जवळ आहे एवढेच सांगतो. या संकरात निसर्गाची ओढाताणही आहे. सर्व्हलचा गर्भकाळ सुमारे ७४ दिवसांचा, तर घरगुती मांजराचा ६३ ते ६५ दिवसांचा असल्यामुळे पहिल्या पिढीची पिल्ले अनेकदा अपुऱ्या दिवसांची जन्मतात, आणि सुरुवातीच्या पिढ्यांतील नर सहसा वांझ असतात.

लहानपणी हे पिल्लू लाघवी असते. वयात आल्यावर मात्र ते आपली हद्द आखू लागते, म्हणजे गादी, पडदे, देवघराचा कोपरा अशा ठिकाणी मूत्राचे फवारे मारते, आणि खच्चीकरण केल्यावरही ही सवय प्रत्येक वेळी जातेच असे नाही. अडीच मीटरपर्यंत उंच उडी मारणाऱ्या या प्राण्याला आपल्या परसाची भिंत अडवू शकणार नाही. त्याला वरूनही जाळी असलेला मोठा बंदिस्त पिंजरा लागेल. त्यातच दोन वर्षांचे मूल धावते, किंचाळते आणि पडते, व या तिन्ही गोष्टी शिकारी प्राण्याची वृत्ती चाळवणाऱ्या आहेत. आपल्या भाचीला… नव्हे, पुतणीला अशा प्राण्याबरोबर एक क्षणही एकटे सोडता येणार नाही, आणि एकत्र कुटुंबात इतकी पाळत वर्षानुवर्षे ठेवणे मला शक्य दिसत नाही.

रेबीजचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. रेबीजची लस कुत्र्या-मांजरांवर तपासून मान्य झालेली आहे. रानटी रक्ताच्या संकरित प्राण्यांना तीच लस दिली जाते खरी, पण तिच्या परिणामकारकतेची तशी अधिकृत ग्वाही नाही. निरोगी कुत्रे किंवा मांजर चावल्यास त्याला दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवण्याचा जो नियम आहे, तोही या प्राण्यांना तितक्याच भरवशाने लावता येत नाही. म्हणून चावा किंवा ओरखडा होताच जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे लागेल.

आहाराविषयी आपण ‘आम्ही शाकाहारी आहोत’ एवढेच लिहिले आहे. मांजरकुळातील प्राण्यांना टॉरिन हे द्रव्य मांसातूनच मिळवावे लागते. ते कमी पडल्यास हृदयाचे स्नायू दुबळे होतात आणि दृष्टीही जाते. श्रावण असो वा एकादशी, मांस चुकवता येणार नाही आणि दूध-भात त्याची जागा घेऊ शकणार नाही. गणपतीला गावी जाताना अशा प्राण्याला सांभाळायला शेजारी तयार होतील का, हेही पाहावे. शिवाय तो पंधरा-वीस वर्षे जगू शकतो. आपला मुलगा शिक्षणासाठी पुण्याला जाईल, तेव्हा त्याचे मांजर सहा वर्षांचे असेल आणि पुढची सारी वर्षे ते आपल्यावर सोपवलेले असेल.

कायद्याचे म्हणाल, तर घरगुती मांजर वगळता संपूर्ण मांजरकुळ वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या कक्षेत येते आणि जवळच्या चार पिढ्यांत रानटी पूर्वज असलेले संकरित प्राणीही त्यात मोडतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ची दुरुस्ती आणि २०२४चे नियम यांनुसार अशा विदेशी प्राण्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते व मालकी बदलल्यास तेही कळवावे लागते. कागद ‘नंतर’ देणाऱ्याकडून प्राणी घेतल्यास उत्तर मात्र आपल्याला द्यावे लागेल. ऑस्ट्रेलियाने तर तेथील वन्यजीवांना असलेला धोका ओळखून २००८ साली सॅव्हानाच्या आयातीवरच बंदी घातली.

मुलाची हौस खरी आहे, ती मोडू नका. गल्लीतले एखादे अनाथ पिल्लू लसीकरण करून घरी आणा. मांस त्यालाही लागेल, पण ते पुतणीजवळ नांदेल.

प्रश्न : ऊसतोडणीच्या वेळी आमच्या फडात ठिपकेदार मांजराची दोन पिल्ले सापडली. ही ‘बेंगाल’ जातीची असून चांगली किंमत येईल, असे एक जण सांगतो. ती पाळावीत का?
— एक शेतकरी वाचक, निपाणी परिसर

उत्तर : पाळू नका आणि कोणाला देऊही नका. बेंगाल ही आशियाई लेपर्ड कॅट हे रानमांजर व घरगुती मांजर यांच्या संकरातून आलेली जात आहे; आपल्या फडातील ठिपकेदार पिल्ले मात्र बहुधा अस्सल रानातलीच, वाघाटी या छोट्या ठिपकेदार रानमांजराची असावीत. हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत येतो आणि त्याला पकडणे वा विकणे यासाठी तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. त्या कोपऱ्यातील तोडणी थांबवा, वनविभागाला कळवा आणि ते येईपर्यंत पिल्लांना हाताळू नका, दूधही पाजू नका. पिल्ले उचलली गेली असतील, तर ती सापडली त्याच जागी उघड्या खोक्यात ठेवून माणसांनी व कुत्र्यांनी तेथून दूर राहावे. आई बहुधा रात्री येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते.