आधी मीटर लावा, मग गॅसचं बोला

प्रश्न (पेडणे): गाडीत एसी लावला की नुसता वारा येतो, गारवा नाही. गॅरेजवाला म्हणतो गॅस संपला. मागच्याच वर्षी भरला होता. पुन्हा भरू का?

थांबा. हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल तर गळती आहे, आणि ती न शोधता गॅस भरणं म्हणजे पैसे पाण्यात.

इंजिन चालू ठेवून कुणाला तरी एसीचं बटण दाबायला सांगा. 'टक्' असा आवाज होऊन कॉम्प्रेसरच्या (गॅस दाबणाऱ्या पंपाच्या) क्लचची, म्हणजे पंप इंजिनच्या पट्ट्याला जोडणाऱ्या चुंबकी जोडणीची, पुढची थाळी पुलीबरोबर फिरायला हवी. फिरत नसेल तर क्लचच्या सॉकेटवर मल्टिमीटर लावा. 12 व्होल्ट येतात तरी थाळी हलत नाही, तर दोष कॉइलचा (थाळी ओढणाऱ्या चुंबकाच्या वेटोळ्याचा), अर्थचा (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणाऱ्या जोडणीचा) किंवा क्लचच्या थाळी-पुलीमधल्या फटीचा. कॉइलचा रेझिस्टन्स साधारण 3 ते 5 ओहम असतो. सर्किट तुटलेलं दिसलं तर कॉइल गेली.

व्होल्टेजच येत नसेल तर फ्यूज, रिले (करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच), प्रेशर स्विच (गॅसचा दाब बघणारा) असं मागे मागे जा. गॅस खरोखर कमी असेल तर हा स्विचच क्लच बंद ठेवतो, म्हणून प्रेशर गेज लावा. आर-134ए गॅस असेल तर थंड, बंद गाडीत 30 अंशांना साधारण 95 पीएसआय दाब दिसतो. तेवढा दिसूनही मीटर स्विचमध्ये सर्किट तुटलेलं दाखवत असेल तर स्विच बदला. त्याच्या दोन पिना वायरने जोडून गाडी चालवायला कुणी देत असेल तर घेऊ नका. कमी गॅसमध्ये तेल फिरत नाही, कॉम्प्रेसर जाम होतो.

काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो. तिथे 'टक्' येणार नाही, आणि कॉम्प्रेसरच्या व्हॉल्व्हला थेट बॅटरी लावायची नाही.

प्रश्न (वास्को): अर्ध्या तासाने एसी गार करणं सोडतो. गाडी थोडा वेळ बंद ठेवली की पुन्हा ठीक.

बिघाड चालू असतानाच मोजा. थंड गाडी गॅरेजला नेली तर काहीच सापडणार नाही. सोबत वाराही मंदावत असेल तर आत हवा गार करणाऱ्या जाळीवर बर्फ धरतोय, थर्मिस्टर (तिथलं तापमान मोजणारा सेन्सर) तपासा. वारा जोरात असेल तर क्लचकडे बघा. कॉइल तापली की तिची ओढ कमी होते, आणि थाळी-पुलीमधली फट झिजून वाढली असेल तर थाळी सुटते. ही फट बहुतेक ठिकाणी 0.3 ते 0.6 मिलिमीटर असते, फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजता येते.

वास्कोच्या खाऱ्या हवेत अर्थ तर बघाच. सॉकेट काढून मोजलं की 12 व्होल्ट दिसतात, जोडलं की 9 वर येतात, असं होतं. सॉकेट जोडून, क्लचला करंट चालू ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं कॉम्प्रेसरच्या बॉडीला लावा. 0.2 व्होल्टच्या वर गेलं तर अर्थचा बोल्ट काढा. खाली हिरवी-पांढरी भुकटी मिळेल. सँडपेपरने घासा, आवळा, वरून ग्रीस लावा.

प्रश्न (पर्वरी): धावताना गार, ट्रॅफिकमध्ये गरम.

कंडेन्सरचा, म्हणजे गाडीच्या पुढे गॅस थंड करणाऱ्या जाळीचा, पंखा. एसी लावल्यावर फिरतो का बघा, नसेल तर त्याचा फ्यूज, रिले, मोटर. हात लांब ठेवा, पंखा अचानक सुरू होतो.

प्रश्न (फोंडा): ब्लोअर फक्त चारवरच चालतो.

ब्लोअरचा वेग कमी करणारा रेझिस्टर जळला. फुल स्पीडला करंट त्याला वगळून जातो. नवा बसवण्याआधी केबिन फिल्टर साफ करा आणि मोटर जड फिरत नाही ना ते बघा, नाहीतर नवाही जळेल.