छोट्या फिगर्सवर मॅट वॉर्निश मारल्यावर पांढरट थर आला, आता काय करू? (बडोदा, पावसाळा)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की बोर्ड गेमच्या २८ मिमीच्या प्लास्टिक फिगर्स तुम्ही ॲक्रिलिकने रंगवल्यात, मुलं खेळतात त्यामुळे तलवारींची टोकं आणि टोप्यांच्या कडा उघड्या पडायला लागल्या, म्हणून मॅट स्प्रे वॉर्निश आणलं आणि परवा पाऊस थांबल्यावर गच्चीत जाऊन काही फिगर्सवर मारलं तर त्या सगळ्या पांढरट झाल्या. डबा डुप्लिकेट होता का, फिगर्स वाया गेल्या का, आणि उरलेल्यांचं काय करायचं.

फिगर्स वाया गेलेल्या नाहीत, हे आधी सांगतो, कारण डोळे-भुवया रंगवत रात्री घालवलेल्या असतात आणि त्यावर असं काही झालं की जीव खरंच तुटतो. आणि डब्यात बहुतेक काही खोट नाही, हवेत आहे. स्प्रेमधलं सॉल्व्हंट (वॉर्निश पातळ ठेवणारा द्रव) भराभर उडतं, उडताना फिगरचा पृष्ठभाग गार करतं, आणि हवा दमट असेल तर त्या गार पृष्ठभागावर हवेतलं पाणी जमून ओल्या वॉर्निशच्या थरातच अडकतं, तोच तो पांढरेपणा. जुलै-ऑगस्टमध्ये बडोद्यात दमटपणा ८० टक्क्यांच्या वर सहज असतो आणि पाऊस नुकताच थांबलाय ती वेळ तर सगळ्यात वाईट, ऊन पडलं म्हणजे हवा कोरडी झाली असं अजिबात नसतं. दुसरं एक कारण असू शकतं ते म्हणजे डबा नीट हलवला नसेल. मॅट वॉर्निशमध्ये चमक मारायला बारीक सिलिकासारखी पावडर असते, ती तळाशी बसते, आणि न हलवता मारलं किंवा एकदम जाड मारलं की तीच पावडर वर दिसते. म्हणून आतली गोळी वाजायला लागल्यावर पुढे दोन मिनिटं तरी हलवायचं, घाई करायची नाही.

आता पांढऱ्या झालेल्या फिगर्स. त्या एक-दोन दिवस पंख्याखाली पूर्ण वाळू द्या, मग त्यावर पाण्यावर आधारित ग्लॉस ॲक्रिलिक वॉर्निशचा पातळ हात ब्रशने द्या. रंग खाली शाबूत असतो, फक्त वरचा थर सूक्ष्म खडबडीत झाल्यामुळे प्रकाश विखुरतो, ग्लॉस त्या खाचा भरून काढतं, घासलेल्या काचेवर पाणी टाकलं की काच परत आरपार दिसते ना तसंच. बहुतेक वेळा एका हातात रंग परत येतो, कुठे ठिपका राहिला तर वाळल्यावर दुसरा हात. चमक बघून घाबरू नका, ती नंतर मॅटने मारता येते. थिनरने पुसायला मात्र जाऊ नका, वॉर्निशबरोबर रंगही जाईल आणि प्लास्टिकही मऊ पडेल.

उरलेल्या फिगर्ससाठी माझं स्पष्ट मत, पावसाळ्यात स्प्रेला हातच लावू नका, सगळं ब्रशने करा. आणि मुलांच्या हातात जाणाऱ्या फिगर्सना नुसतं मॅट पुरत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण बरेच जण चमक नको म्हणून सरळ मॅट लावतात आणि मग सहा महिन्यांत परत नाक आणि गुडघे उघडे पडतात. ग्लॉसचा थर साधारणपणे जास्त टणक असतो, मॅटमध्ये ती पावडर असल्यामुळे थोडा नाजूक. म्हणून आधी ग्लॉसचे दोन पातळ हात, म्हणजे संरक्षण झालं, आणि वरून मॅटचा एक हात फक्त दिसण्यासाठी. कपाटात काचेमागे ठेवायच्या फिगर्सना एवढं नको, तिथे एक मॅट किंवा सॅटिन (अर्धवट चमकेचं) पुरे.

ब्रश मऊ सिंथेटिक घ्या, चपटा, साधारण अर्धा सेंटीमीटर रुंद, आणि तो वॉर्निशसाठीच वेगळा ठेवा. इथे फाइन आर्ट्सच्या मुलांमुळे कलासाहित्याच्या दुकानांत असे ब्रश सहज मिळतात. वॉर्निश घेताना लेबल नीट वाचा, ऑइल पेंटिंगचं पिक्चर वॉर्निश वेगळं असतं, आपल्याला ॲक्रिलिकचं, पाण्याने ब्रश धुता येतो असं हवंय. बाटली जोरात हलवली की बुडबुडे होतात आणि ते फिगरवर तसेच वाळतात, त्यामुळे तळातलं वर येईपर्यंत काडीने सावकाश ढवळा किंवा तळव्यांमध्ये फिरवा. थोडं वाटीत काढून घ्यायचं, घट्ट वाटलं तर दोन-चार थेंब पाणी, ब्रश बुडवून कडेला निथळायचा आणि वरून खाली लावत यायचं. एकदा लावलेल्या जागी परत परत फिरवू नका, अर्धवट वाळलेलं वॉर्निश ओढलं जातं आणि सुरकुत्या येतात. खरी काळजी खाचांची, काखेत, पट्ट्याखाली, झग्याच्या चुण्यांमध्ये वॉर्निश साचतं, मॅट असेल तर तिथेच पांढरं वाळतं, म्हणून शेवटी कोरडा केलेला ब्रश त्या खाचांना नुसता टेकवायचा म्हणजे जास्तीचं शोषून घेतो.

रंगकाम संपल्यावर वॉर्निशच्या आधी २४ तास जाऊ द्या, या हवेत दोन दिवस दिले तर उत्तम. वॉर्निशचे लेबलवर २०-३० मिनिटं लिहिलेले असतात ते हाताला न चिकटण्याचे, दोन हातांमध्ये मी तरी रात्र जाऊ देतो. घरात एसी असेल तर त्या खोलीत वाळवा, एसी हवेतली ओल काढतो. वरून एखादा डबा उपडा झाकायचा, थोडी फट ठेवून, नाहीतर पंख्याची धूळ बसते.

धातूचे रंग मॅटखाली मरतात, चिलखत राखाडी दिसायला लागतं. म्हणून सगळं मॅट वाळलं की चिलखत आणि तलवारीवर बारीक ब्रशने परत सॅटिन किंवा ग्लॉस लावा, डोळ्यांवर ग्लॉसचा एक अगदी छोटा ठिपका, फिगर जिवंत होते, हे नक्की करून बघा.

घरात आहे तेच वापरू का हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीये पण मनात येतोच. फेविकॉल पाण्यात पातळ करून लावायचा सल्ला बरेच जण देतात, पण पांढरा गम ओल धरतो, दमट हवेत दुधाळ आणि चिकट होऊ शकतो, आपल्याकडे नकोच. ट्रान्सपरंट नेलपॉलिशमधलं सॉल्व्हंट ॲक्रिलिक रंग आणि प्लास्टिक दोन्ही विरघळवतं. लाकडाचं ऑइलवालं पॉलिश टिकतं चांगलं पण पिवळं पडत जातं, पांढऱ्या झग्यांचं वाटोळं. आणि दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे याच पद्धतीने करणार असाल तर थांबा, ते पोस्टर कलरने रंगवलेले असले तर पाण्याच्या वॉर्निशचा ब्रश लागताच रंग परत ओला होऊन पसरतो, त्यांना आधी स्प्रेचे हलके हातच हवेत, आणि दिवाळीपर्यंत हवा त्यासाठी बऱ्यापैकी कोरडी झालेली असते.

म्हणून तो स्प्रेचा डबा टाकू नका, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत वापरा, सकाळचं दव गेल्यावर. दमटपणा मोजणारं छोटं डिजिटल हायग्रोमीटर घेऊन ठेवा, दमटपणा ६० टक्क्यांच्या खाली असला की मारायचं. २०-३० सेंटीमीटर अंतर, स्प्रे फिगरच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा, नुसत्या झपकाऱ्या, ओलं होईपर्यंत नाही. आधी रंगवलेल्या प्लास्टिकच्या चमच्यावर बघा. मे महिन्यात उलटा त्रास, तापमान ४० अंशांच्या वर गेलं की थेंब वाटेतच वाळतो आणि फिगर खरखरीत होते. उत्तरायणाच्या आसपास हवा छान असते पण पतंगांमुळे गच्चीत सगळी गर्दी असते, तेव्हा सोडा. मास्क सॉल्व्हंटची वाफ अडवणारा हवा, कापडी मास्कने ही वाफ अडत नाही, आणि जवळ दिवा किंवा गॅस पेटता नको.

पांढऱ्या झालेल्यांपैकी एकीवर आधी ग्लॉस लावून बघा आणि दुसऱ्या दिवशी काय दिसतं ते इथेच लिहा, दोन हातांनंतरही पांढरं राहिलं तर कोणते रंग आणि रंगाखाली कोणतं प्रायमर (पहिला अस्तराचा थर) वापरलं होतं तेही सांगा, मग त्याप्रमाणे सांगतो.