तंतू कशाचे बनलेले असतात?

तंतुसिद्धांत (स्ट्रिंग थिअरी) म्हणजे सर्व कण ही अतिसूक्ष्म तंतूंची कंपने आहेत, ही कल्पना. तिच्याविषयीच्या वाचकांच्या पत्रांत तेच गोंधळ पुन्हा पुन्हा येतात, म्हणून चार प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : हे तंतू कोणी पाहिले आहेत का?

नाही.

प्रश्न : एका दुकानात ‘तंतुसिद्धांतावर आधारित’ लॉकेट मिळते. ते शरीराची कंपने सुधारते म्हणतात. घ्यावे का?

घेऊ नये. तंतूची लांबी सामान्यतः १० चा उणे ३५ वा घात इतके मीटर, म्हणजे सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेच्या महायंत्रालाही आवाक्याबाहेरची मानली जाते. तिथे लॉकेटाची काय कथा! दुखणे असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि पैसे दिले असतील तर ग्राहक आयोगाकडे चौकशी करा.

प्रश्न : सतारीची तार धातूची असते, तसा हा तंतू कशाचा असतो?

कशाचाही नाही, तो स्वतःच मूलभूत मानला जातो; आणि या उत्तराने कोणाचेच समाधान होत नाही, हे मला ठाऊक आहे. सतारीची तार खुंटी पिळून ताणावी लागते. तंतूचा ताण मात्र अंगभूत असतो, कारण दर एकक लांबीमागे त्यात असलेली ऊर्जा म्हणजेच तो ताण. म्हणून तो ओढला असता विरळ होत नाही, फक्त लांबी आणि तिच्याबरोबर ऊर्जा वाढते. तारेतले अणू तारेच्या दिशेनेही मागेपुढे हलू शकतात. तंतूवर खूण करायला अणूच नसल्याने त्याची केवळ लांबीला आडवी कंपने खरी ठरतात. त्या कंपनांचे प्रकार आपल्याला निरनिराळे कण म्हणून दिसतात. बंद, म्हणजे टोके जुळून वेटोळे झालेल्या, तंतूच्या अशाच एका कंपनात गुरुत्वाचा कण दडलेला आहे, हे शेर्क आणि श्वार्झ या भौतिकशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये ओळखले.

मात्र ‘मूलभूत’ या शब्दाला फार चिकटून राहू नये. घटकांमधली परस्परक्रिया दुर्बल असताना जो घटक मूळ वाटतो, तो ती प्रबल झाल्यावर संयुक्त वाटू शकतो आणि दुसराच कोणी मूळ ठरतो. एकाच सिद्धांताच्या अशा दोन रूपांना द्वैत म्हणतात; त्याला भौतिकशास्त्रज्ञ अशोक सेन यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) असताना १९९४ मध्ये भक्कम पुरावा दिला. हे चित्रफितींवरून समजणार नाही. एखाद्या प्राध्यापकांसमोर वही घेऊन बसा.

प्रश्न : बारावीत आहे. याच विषयात संशोधन करायचे आहे; गणित पुढे पाहिले तर चालेल का?

चालणार नाही. पुंजयांत्रिकी (क्वांटम मेकॅनिक्स) आणि विशेष सापेक्षता दोन्ही त्याच गणितावर उभ्या आहेत, म्हणून याच महिन्यात शिक्षकांना भेटून अभ्यासाचा क्रम ठरवून घ्या.