मोजायला लावणारी भीती

समा, बडोदा

चिरंजीव लेकी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या व्हिडिओ गेमचा आराखडा दोनदा वाचला. जगबुडीनंतरचं बडोदं, कमाटीबागेत माजलेलं रान, लक्ष्मी विलास राजवाड्याच्या पायऱ्यांना लागलेलं विश्वामित्री नदीचं पाणी आणि दर वळणावर दबा धरून बसलेली मगर. चित्रं सुरेख काढली आहेस. पण चौथ्या मगरीपाशी माझी भीती संपली.

सोबतच्या चिठ्ठीत तू असल्या गेमांबद्दलचा आईचा प्रश्न लिहिलास : "सगळं उद्ध्वस्त झालेल्या जगात रात्र-रात्र बसून तुला मिळतं तरी काय?" तुझ्या आराखड्याचं दुखणं आणि आईच्या प्रश्नाचं उत्तर मला एकाच जागी सापडतं.

२०२४ चा ऑगस्ट आठव. काळाघोड्यापाशी विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट. त्या पुरात पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. तळमजल्यावरची दोन बिऱ्हाडं आमच्याकडे वर राहायला आली. घरात अकरा माणसं, लाइट गेलेली, पिण्याच्या पाण्याची एक कळशी आणि सात बाटल्या. फाटकाशी मगर आल्याची हाळी उठली तेव्हा सगळे खिडकीशी धावलो. पोरं तर हरखूनच गेली. भीती रात्री आली. तुझ्या काकूने मेणबत्तीच्या उजेडात बाटल्या ओळीने मांडल्या आणि मनात अकराने भागायला लागली, तेव्हा. त्यानंतर कुणी तहान लागली म्हणेना. खालच्या आजींनी घोटभर पाण्याने रक्तदाबाची गोळी घेतली, उरलेलं पाणी वाटीत ओतलं आणि वर झाकणी ठेवली. ती झाकलेली वाटी माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

'मेट्रो २०३३' तू खेळली आहेस. कीवच्या फोर-ए गेम्सचा २०१० चा गेम. अणुयुद्धानंतर मॉस्कोच्या भुयारी रेल्वेत उरलेली माणसं. वर जायचं तर गॅसमास्क हवा, आणि त्याचा फिल्टर ठरावीक वेळच टिकतो. फिल्टर संपत आला की नायकाचा श्वास जड होतो आणि तो आवाज आपल्या कानात घुमत राहतो. अंधारातलं श्वापद दोन मिनिटांत मरतं; श्वास मात्र सतत सोबत असतो. त्याहून मोठी करामत काडतुसांची. युद्धापूर्वीची उत्तम काडतुसं हेच तिथलं चलन. संकटात ती झाडलीस तर खिशातले पैसेच झाडलेस. एक खटका दाबताना जीव आणि पैसा दोन्ही तराजूत पडतात. हे ज्याने सुचवलं त्याला मी मनापासून मानतो.

आईला हेच सांग. परीक्षा, नोकरी, पुढे काय, या रोजच्या भीतीला आकार नसतो. ती मोजता येत नाही म्हणून छातीवर बसते. गेममधली भीती मोजता येते. तीन फिल्टर, पाच काडतुसं, अर्धी बॅटरी. आपण ठरवतो, चुकतो, मरतो, आणि तिथूनच पुन्हा सुरू करतो. एरवी नजरेतही न भरणारा बिस्किटाचा पुडा तिथे हाती लागला की किती आनंद होतो! हे सुख खरं आहे, त्याची लाज बाळगू नकोस. मात्र अभ्यास टाळण्यासाठी तिथे जाऊन बसशील, त्या दिवशी आईचं ऐक.

आता 'धिस वॉर ऑफ माइन'. वॉर्साच्या ११ बिट स्टुडिओजचा, २०१४ चा. साराजेव्होला १९९२ पासून जवळजवळ चार वर्षं जो वेढा पडला होता, त्यावरून सुचलेला. त्यात सैनिक तू नसतेस. पडक्या घरातली साधी माणसं तू सांभाळतेस. एका घरात म्हातारं जोडपं राहतं. त्यांच्याकडे औषधं आहेत, अन्न आहे, आणि तुला अडवण्याची ताकद त्यांच्यात नाही. लुटलंस तर तुझी माणसं जगतात, पण ती खचून जातात. पोलंडने २०२० मध्ये हा गेम शाळांच्या वाचनयादीत घेण्याचं जाहीर केलं, याचं मला जराही आश्चर्य वाटलं नाही.

पुराच्या दुसऱ्या दिवशी समोरच्या गच्चीवरून एका बाईने बाळाच्या दुधासाठी पाणी मागितलं. आमच्याकडे तेव्हा तीन बाटल्या होत्या. काकूने एक दोरीला बांधली. मी "थांब" म्हणालो होतो. तो शब्द मला अजून टोचतो, आणि तुझ्या आराखड्यात मी तोच क्षण शोधत होतो.

म्हणून मगर एकच ठेव, आणि शेवटपर्यंत तिला पाण्याखालीच राहू दे. नुसती पाण्यावरची रेघ हलू दे. नायिकेच्या पिशवीत काय आहे ते आधी ठरव. त्यासाठी तुमच्याच स्वयंपाकघरात उभी राहा आणि लाइट नसताना तीन दिवस काय पुरेल ते लिहून काढ. खाकरे, शेंगदाणे, आजीची गोळी, काडेपेटी. मग वाटेत असं कुणीतरी भेटव की त्याला देताना तुझाच हात थबकेल.

रविवारी नवा कागद घेऊन ये. काकूची कळशी अजून ओट्याखालीच आहे, रोज रात्री ती भरून ठेवते.

तुझा,
काका