वाचकांचे प्रश्न : नाशिककरांची स्वतःची कला कुठली?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. शाळेने प्रोजेक्ट दिलाय, ‘माझ्या गावाची कला आणि ओळख’. आम्ही गंगापूर रोडला राहतो. मी पैठणी सुचवली तर म्हणे ती येवल्याची, वारली म्हटलं तर ती आदिवासींची, पांडवलेणी म्हटलं तर ती बौद्ध भिक्खूंची. मग आपल्या नाशिककरांची म्हणावी अशी कला आहे तरी कुठली?

उत्तर : ताई, मुलीने जे जे खोडलंय ना, तेच प्रोजेक्टमध्ये घ्यायला सांगा. एकाच समाजाची, एकाच धर्माची, पहिल्यापासून जशीच्या तशी चालत आलेली कला शोधायला गेलं की हाताला काहीच लागत नाही, आणि हे नाशिकचंच नाही, कुठल्याही जुन्या गावाचं असंच आहे. कोणी घडवलं, पैसे कोणी घातले, कोणासाठी घातले आणि पुढे कोणी ते आपलं मानलं, हे विचारत गेलं की गावाची ओळख आपोआप दिसायला लागते.

एखाद्या रविवारी ऊन चढायच्या आत तिला पांडवलेण्यांवर घेऊन जा. 24 लेणी आहेत, सगळी बघू नका, चार-पाच नीट बघा. 18 नंबरचं चैत्यगृह, म्हणजे स्तूपाचं प्रार्थनास्थळ आहे, त्याच्या दारावरच्या कमानीत दगडातच लाकडी तुळया आणि वासे कोरलेत, कारण कारागिरांचा हात लाकडाच्या कामावर बसलेला होता. त्याच दारावर ब्राह्मी लिपीत प्राकृतात लिहिलंय की हे नासिककरांच्या धंभिक गावाचं दान आहे. म्हणजे तुमच्या मुलीचा प्रश्न आहे ना, नाशिककरांचं काय, त्याचं उत्तर साधारण दोन हजार वर्षांपूर्वी एका अख्ख्या गावाने दारावर कोरून ठेवलंय. मला तो लेख दरवेळी बघताना भरून येतं, कारण तिथे राजाचं नाव नाही, गावाचं आहे.

आता बाकीचे दाते बघा. 8 नंबरचं लेणं मुगुदास नावाच्या एका कोळ्याने कुटुंबासकट दिलंय. 17 नंबरचं दिलंय इंद्राग्निदत्ताने, तो धम्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा, आणि लेखात स्वतःला सरळ योनक म्हणवतो, म्हणजे यवन, ग्रीक. नाव इंद्र आणि अग्नीचं, बापाचं नाव धम्माचं, वंश ग्रीक आणि लेणं नाशकात. आता ह्याला कुठल्या खणात टाकायचं ते मुलीलाच ठरवू द्या.

10 नंबर मात्र निवांत बघा, कारण त्याचा धागा तुमच्या घराजवळ पोचतो. क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ता, नहपान याचा जावई उषवदात, हाही शक, त्याने हे लेणं दिलं आणि तिथे राहणाऱ्या भिक्खूंसाठी 3000 कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेव म्हणून ठेवले. 2000 एका श्रेणीकडे महिना शेकडा एक व्याजाने, 1000 दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने, मुद्दल कधी परत घ्यायचं नाही, व्याजातून भिक्खूंच्या चिवरांचा, म्हणजे वस्त्रांचा, आणि इतर खर्च भागवायचा. हे सगळं भिंतीवर लिहिलंय. आणि गोवर्धन गाव अजून आहे, तुमच्याच गंगापूर रोडने पुढे गेलात की लागतं. म्हणजे त्या कोरीवकामामागे इथल्या विणकरांचे माग होते, त्यांची पत होती, आणि तेही तितकंच नाशिकचं.

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं. सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला 1906 मध्ये 13 हजारांवर चांदीची नाणी सापडली, नहपानाची, आणि त्यातल्या 9 हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का पुन्हा मारलेला आहे. एका बाजूला नहपानाचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी ह्या लिपी, आणि ह्या सगळ्यावर ठोकलेला तीन कमानींचा डोंगर. नाणं वितळवलं नाही, चेहरा पूर्ण पुसलाही नाही, वर आपली खूण मारली आणि चालवलं. मग गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने नातवाच्या राज्यात 3 नंबरचं लेणं दिलं. त्यातल्या लेखात मुलाने शक, यवन, पहलव यांचा नाश केला, नहपानाचा क्षहरात वंश निखालस संपवला, त्याचे घोडे तीन समुद्रांचं पाणी प्यायले असं सगळं आहे, पण लेण्याची आखणी बघाल तर जवळपास उषवदाताच्या लेण्यासारखीच! शत्रूचा वंश संपवल्याचं लिहायचं आणि लेणं त्याच्या धर्तीवर कोरायचं, ह्यात त्या लोकांना काही अडचण वाटली नाही. तिथे दर्शनी भागाच्या तळाशी अर्धे जमिनीत असलेले सहा गण, म्हणजे बुटके यक्षासारखे आकार आहेत, सगळ्या लेण्याची तुळई खांद्यावर घेऊन उभे. मुलीला त्यांचं चित्र काढायला सांगा, फोटो चिकटवण्यापेक्षा ते चांगलं, काढताना खांद्यावरचा भार कळतो.

नंतरच्या लोकांनीही हात लावलाच, 11 नंबरमध्ये जैन मूर्ती आहेत, 10 मधल्या मागच्या भिंतीवरच्या स्तूपाचा कोणीतरी भैरव केला. आणि पंचवटीत 1747 सालच्या नारोशंकराच्या देवळावर जी घंटा आहे ती पोर्तुगीज, चिमाजी अप्पांच्या वसईच्या विजयाची आठवण. आज मोठ्या आवाजाच्या माणसाला आपण नारोशंकराची घंटा म्हणतो तेव्हा ती पूर्ण आपली झालेली असते.

प्रश्न : इंदिरानगरच्या नवीन फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीवर वारली काढून घ्यायचंय. सासूबाई म्हणतात, आपण वारली नाही, दुसऱ्याचे देव भिंतीवर कशाला. त्यांचं बरोबर आहे का?

उत्तर : सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे आणि ते अर्धं महत्त्वाचं आहे. वारली चित्रात लग्नाचा चौक, म्हणजे चौकटीतलं चित्र असतं, शेणाने सारवून गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी तो काढतात, मधोमध पालघाट देवी, शेजारच्या देवचौकात पाच शिरांचा देव, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणं म्हणत असते. तो चौक काढल्याशिवाय लग्न लागत नाही. तर तो चौक सोफ्याच्या मागे शोभेला नको, माझं स्पष्ट मत आहे. तारपा वाद्यावरचा नाच, भातलावणी, झाडं, पक्षी, गाई हे खुशाल काढून घ्या.

आणि ‘दुसऱ्याचे’ म्हणताना एवढं लक्षात घ्या की वारली लोक फक्त डहाणू-तलासरीला नाहीत, आपल्या जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबक तालुक्यातही आहेत, ते आपले शेजारी आहेत. जिव्या सोमा म्हसे यांनी 1970 च्या दशकात ही चित्रं भिंतीवरून कागदावर नेली, बायकांच्या हातची कला एका पुरुषाने रोजची केली, 2011 ला त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे समाजाने स्वतःच कला बदलली, ती बंद पेटीत ठेवलेली नाही. पण बदलायचा पहिला हक्क त्यांचा. म्हणून स्टेन्सिल आणून पेंटरकडून छापून घेऊ नका, वारली चित्रकाराला घरी बोलवा, तो सांगेल ते पैसे द्या, घासाघीस नको, आणि कोपऱ्यात त्याला सही करू द्या. काढताना सासूबाईंना जवळ बसवा, त्यांना विचारायचं ते त्यालाच विचारू दे.

प्रश्न : लग्नासाठी येवल्याला पैठणी घ्यायला जातोय. हातमागाची कशी ओळखायची?

उत्तर : पदर उलटा करून बघा. हातमागावर मोर, पोपट, कमळ ह्यांच्या प्रत्येक रंगाचा धागा वेगळा हाताने विणून अडकवतात, त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते. मागे लांब दोरे सुटलेले किंवा कातरलेले दिसले तर ती यंत्रावरची. यंत्रावरची घ्यायला हरकत काहीच नाही, फक्त तिला हातमागाचा भाव देऊ नका. आणि वेळ असेल तर दुकानातून उठून एखाद्या विणकराच्या घरी जा, मागावर बसलेलं माणूस बघा, मग साडी निवडा.